स्वतःचा मेजर स्वतः बांधा: ठाणे-नवी मुंबईतल्या साध्या कॉलेजात राहून हे कसं जमवायचं

आधीच सरळ सांगते, मुंबई युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशन फॉर्मवर "स्वतः तयार केलेला मेजर" (मेजर म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय) असा काही पर्याय नाहीये. अमेरिकेत काही ठिकाणी आहे, न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीच्या गॅलाटिन स्कूलमध्ये १९७२ पासून विद्यार्थी आपला अभ्यासक्रम आपणच ठरवतात. आपल्याकडे आयआयटी मुंबईत लिबरल आर्ट्स, सायन्स अँड इंजिनिअरिंग नावाचा चार वर्षांचा बीएस आहे, पण त्यासाठी आधी आयआयटीत शिरावं लागतं, आणि प्रायव्हेट युनिव्हर्सिट्यांच्या फिया सगळ्यांना परवडत नाहीत. मग कळव्याच्या, ऐरोलीच्या, नेरूळच्या पोरांनी काय करायचं, ज्यांना बायोलॉजी पण आवडतं, नकाशे पण आवडतात आणि माणसांशी बोलायला पण आवडतं?

तर त्यांच्यासाठीच हे लिहितेय. मी डिग्रीच्या मुलांना शिकवते आणि नवीन शैक्षणिक धोरण (एनईपी) आल्यापासून (आपल्या राज्यात ऑटोनॉमस कॉलेजांत २०२३-२४ ला आणि बाकीच्या कॉलेजांत २०२४-२५ ला सुरू झालं) एक गोष्ट रोज बघतेय, की मुलांच्या हातात मेजर, मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (ओई, म्हणजे दुसऱ्या शाखेतला विषय), स्किल कोर्स, फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (कामाच्या जागी जाऊन शिकणं) असे खूप तुकडे आलेत पण ते जोडायचे कसे हे कुणी सांगतच नाही, म्हणून मुलं ज्या ओईला मार्क सोपे तो ओई घेतात, मैत्रीण जिथे बसते ते मायनर घेतात, आणि तीन वर्षांनी हातात नुसती खिचडी राहते. हेच तुकडे एका प्रश्नाभोवती बसवले तर कागदावर डिग्री बीएस्सी प्राणिशास्त्र असली तरी प्रत्यक्षात तुम्ही तुमचाच मेजर केलेला असतो. त्यासाठी दोन गोष्टी पक्क्या लागतात, एक नेमका प्रश्न आणि एक अशी पद्धत जी तुम्हाला मुळापासून येते, बाकी सगळं त्यांच्यामागून येतं.

सगळीकडे एकच उदाहरण धरते म्हणजे कळायला सोपं जाईल: ठाण्याची खाडी.

प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्यातली नामं अधोरेखित करा

"मला पर्यावरणात काहीतरी करायचंय" हा प्रश्न नाही. "ठाणे खाडीत कोळ्यांना मिळणारी मासळी कशी बदलतेय आणि त्यात सांडपाणी, भराव आणि बाजार यांचा वाटा किती" हा प्रश्न आहे. आता यातली नामं बघा. मासळी म्हणजे प्राणिशास्त्र. सांडपाणी म्हणजे रसायनशास्त्र. भराव म्हणजे भूगोल आणि नकाशे, शिवाय सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीवर काय करता येतं ते ठरवणारा कायदा (१९९१, २०११ आणि २०१९ च्या अधिसूचना वाचायला लागतील). बाजार म्हणजे अर्थशास्त्र. कोळी म्हणजे समाजशास्त्र आणि मराठी, कारण मुलाखती मराठीत होणार आणि त्यातही कोळी-आगरी बोलीत. म्हणजे प्रश्न नीट लिहिला की विषयांची यादी आपोआप समोर येते, कॅटलॉग चाळत बसावं लागत नाही.

प्रश्न बरोबर आहे का हे तपासायची माझी एक साधी कसोटी आहे. या प्रश्नासाठी येत्या रविवारी तुम्ही कुठे जाल, कुणाला भेटाल, काय मोजाल हे सांगता आलं पाहिजे. खाडीचा प्रश्न घेतलेली मुलगी सांगेल की चेंदणी कोळीवाड्यात जाईन, होड्या कधी परत येतात ते बघेन. सांगता नाही आलं तर प्रश्न अजून मोठा आहे, त्याला बारीक करा. आणि तीन वर्षं पुरेल इतका असावा, एका निबंधात संपणारा नको.

ज्यांना खाडीत रस नाही त्यांच्यासाठी दुसरं उदाहरण पटकन देते, वाशीचं एपीएमसी मार्केट. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजी, फळं असे पाच बाजार तिथे शेजारीशेजारी आहेत, राज्याच्या पणन मंडळाच्या साइटवर रोजची आवक आणि भाव मिळतात, तेव्हा "पावसात भाजीचे भाव किती दिवसांनी उतरतात आणि का" असा प्रश्न घेऊन अर्थशास्त्र मेजर, संख्याशास्त्र मायनर असं सुंदर बसतं.

मेजर कुठला? जो घरी बसून शिकता येत नाही तो

इथे जरा थांबते कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मुलं विचारतात की पाच विषय लागतात तर मेजर कोणतं घेऊ. माझं उत्तर ठाम आहे, ज्याला लॅब लागते, नमुने लागतात, शेजारी उभे राहून शिकवणारे सर लागतात ते मेजर करा. माशाचं वय खवल्यावरून किंवा कानातल्या हाडावरून कसं ओळखायचं हे यूट्यूबवर बघून हाताला येत नाही, पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने मोजायला ब्युरेट (मापाची काचेची नळी) हातात धरावी लागते. उलट अर्थशास्त्राची ओळख, संख्याशास्त्राची सुरुवात, नकाशाचं सॉफ्टवेअर हे ऑनलाइन आणि पुस्तकातून बरंच जमतं. एका मेजरला साधारण निम्मे क्रेडिट (अभ्यासाच्या तासांचं माप) जातात, तेव्हा ते निम्मे जिथे सगळ्यात अवघड हुनर मिळतं तिथेच खर्च करायचे.

आणि पुढचा दरवाजा बघून. इंडियन फॉरेस्ट सर्व्हिसच्या परीक्षेला डिग्रीत ठराविक सायन्स विषयांपैकी एक लागतो, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र वगैरे चालतात, नुसतं समाजशास्त्र असेल तर नाही. एमएस्सीला बहुतेक ठिकाणी तोच विषय डिग्रीत हवा असतो. बीएड करायचं तर शाळेत शिकवला जाणारा विषय हवा. म्हणून पुढे जिथे जावंसं वाटतं त्या दोन-तीन कोर्सचे पात्रतेचे नियम आजच उघडा आणि तिथे मेजरचं जे नाव लिहिलंय ते तुमच्या मार्कशीटवर येणार आहे का बघा. कितीही सुंदर प्रश्न असला तरी मार्कशीटवरचं नाव जुळलं नाही तर अडतं.

क्रेडिटचा हिशोब, थोडक्यात

थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकल असेल तर ३०. एका सेमला साधारण २२ क्रेडिट, तीन वर्षांचे १३२, चौथं ऑनर्सचं वर्ष केलं तर १७६. मायनरला १८ ते २०, ओईला १० ते १२, उरलेले स्किल, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी यांत वाटलेले. ऑटोनॉमस कॉलेजात आकडे थोडे इकडचे तिकडे असतात, तेव्हा आपल्या कॉलेजचा तक्ता ऑफिसमधून किंवा साइटवरून घ्या आणि त्यावरच पेन्सिल चालवा, व्हॉट्सॲपवर आलेल्या तक्त्यावर नको.

दोन नियम नीट लक्षात ठेवा कारण आपला सगळा खेळ यावर आहे. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या फॅकल्टीतला घ्यावाच लागतो, म्हणजे सायन्सवालीने आर्ट्स किंवा कॉमर्सचा. मायनर आपल्या फॅकल्टीतलाही चालतो आणि बाहेरचाही चालतो, पण कॉलेज प्रत्यक्षात कुठले मायनर देतं हे कॉलेजवर आहे, कागदावर परवानगी असली तरी बीएस्सीच्या पोरीला भूगोल मायनर देणारं कॉलेज शोधावं लागतं. म्हणूनच हे काम ॲडमिशनच्या आधी करायचं. ठाण्यातल्या ज्या कॅम्पसवर आर्ट्स, कॉमर्स, सायन्स जवळजवळ आहेत तिथे हे जमण्याची शक्यता जास्त, वाशी-नेरूळलाही अशी कॉलेजं आहेत. फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात जाऊन एनईपी कोऑर्डिनेटरला भेटा (बहुतेक कॉलेजांत हे काम कुणाकडे तरी दिलेलं असतं) आणि तोंडावर एकच विचारा: "गेल्या वर्षी बीएस्सीच्या मुलांनी प्रत्यक्षात कुठले मायनर घेतले?" काय देतो असं विचारू नका, प्रत्यक्षात काय चाललं ते विचारा.

टाइमटेबल

सायन्सची प्रॅक्टिकल दुपारी, आर्ट्सची लेक्चर सकाळी सातला, आणि दोन फॅकल्टीचं टाइमटेबल दोन वेगळी माणसं बनवतात. त्यामुळे गुरुवारी अकराला तुमचं अर्थशास्त्राचं ओई आणि प्राणिशास्त्राचं लेक्चर एकाच वेळी येऊ शकतं. लेक्चरचं तर येतंच, परीक्षेचंही येऊ शकतं, ते एक्झाम सेलला विचारायला कुणाला सुचत नाही. सेम सुरू व्हायच्या आधीच दोन्ही टाइमटेबल मागून घ्या, एका कागदावर रंगीत पेनाने भरा, आदळआपट झाली तर पहिल्या आठवड्यातच लेखी अर्ज द्या, कारण पहिल्या आठवड्यात बॅच बदलतात, तिसऱ्या आठवड्यात कुणी ऐकत नाही. ओईच्या जागा पण पटापट भरतात, लिंक आली की त्याच दिवशी भरा.

सहा सेमचा नकाशा

एका मोठ्या कागदावर सहा खण करा. खाडीवाल्या मुलीचा मी असा करीन:

पहिलं वर्ष. मेजर प्राणिशास्त्राची पायाभरणी, ओईत अर्थशास्त्राची ओळख आणि दुसऱ्या सेमला समाजशास्त्र, स्किल कोर्समध्ये एक्सेल किंवा डेटा काही असेल तर ते, भाषेत मराठी, आणि मराठीच्या असाइनमेंटला खाडीकाठचे शब्द गोळा करायची परवानगी मॅडमकडून मागायची. उधाण, भांग (भरतीचा जोर कमी असतो तो काळ), जिताडा, निवटे, चिंबोरी, कालवं... हे शब्द नुसते गोड म्हणून नाही, पुढच्या वर्षी मुलाखतीला बसाल तेव्हा याच शब्दांत प्रश्न विचारावे लागतात.

दुसरं वर्ष. मेजरमध्ये परिसंस्था आणि मत्स्यविज्ञान मिळालं तर सोनं, मायनर भूगोल (नाही मिळाला तर रसायन), फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट दोन्ही कोळीवाड्यात, म्हणजे एकाच ओळखीवर दोन्ही होतात. नकाशासाठी क्यूजीआयएस शिका, फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. देहरादूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था ऑनलाइन कोर्स फुकट घेते, तोही करून टाका. लँडसॅट आणि सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, लँडसॅटचा एक ठिपका ३० मीटरचा आणि सेंटिनेलचा १० मीटरचा, म्हणजे कांदळवनाचा पट्टा किती वाढला-कमी झाला ते दिसेल, एकेक तिवर दिसणार नाही, हे आधीच माहीत असलं की भलत्या अपेक्षा राहत नाहीत.

तिसरं वर्ष. मेजरचे वरच्या लेव्हलचे पेपर (कोर्स नंबर ३०० च्या घरातले), मायनर पूर्ण, ओजेटी आणि शेवटचा प्रोजेक्ट. नकाशा बनवताना उलटं चालायचं, शेवटच्या प्रोजेक्टला काय काय यायला लागेल ते आधी लिहा आणि ते कुठल्या सेमपर्यंत शिकून झालं पाहिजे ते मागे मागे भरत या. संख्याशास्त्र चौथ्या सेमच्या आधी झालंच पाहिजे, नाहीतर गोळा केलेला डेटा तसाच पडून राहतो.

ज्याची कॉलेजात सोय नाही तो पेपर स्वयम-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवरून. शिकणं फुकट आहे, क्रेडिट हवे तर परीक्षा फी भरून सेंटरवर जाऊन द्यावी लागते. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सेममधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून चालतात, पण कॉलेजने तो कोर्स आधी मान्य केलेला असला पाहिजे. आधी कोर्स करून मग क्रेडिट मागायला गेलात तर हात हलवत परत याल. कॉलेजात एनपीटीईएलचं लोकल चॅप्टर (कॉलेजातलं केंद्र) असेल तर त्याचे एसपीओसी, म्हणजे संपर्काचं काम बघणारे सर शोधा, कोर्सचं नाव, आठवडे, क्रेडिट लिहून त्यांची सही घ्या. आणि डिजिलॉकरवरून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटचा (क्रेडिट जमा ठेवणारं ऑनलाइन खातं) १२ आकडी आयडी काढून ठेवा, नाव आधार आणि मार्कशीटवर सारखंच आहे ना ते बघून, कारण स्पेलिंगमधल्या एका अक्षरावरून क्रेडिट लटकतात.

गाइड दोन हवेत

एक मेजरच्या डिपार्टमेंटमधले, एक बाहेरचे. बाहेरच्या मॅडमना तुम्ही कोण ते माहीत नसतं, त्यामुळे पहिलं पत्र महत्त्वाचं. मी मुलांना असं लिहायला सांगते:

"आदरणीय मॅडम, मी एसवायबीएस्सी प्राणिशास्त्रात शिकते. ठाणे खाडीतली मासळी आणि कोळीवाड्यातला बाजार यावर फील्ड प्रोजेक्ट करतेय. मासळीचा भाग डिपार्टमेंटचे सर बघतायत. बाजाराच्या भागासाठी मी १२ प्रश्नांची प्रश्नावली तयार केलीय, सोबत जोडलीय. प्रश्न ३, ७ आणि ९ मला नीट वाटत नाहीत. तुम्ही १५ मिनिटं वेळ दिलात तर मी बुधवारी किंवा शुक्रवारी स्टाफरूममध्ये येऊ शकते."

यात काय आहे बघा, काम आधीच सुरू झालेलं दिसतं, अडचण नेमकी आहे, वेळ थोडा मागितलाय. "मॅडम मला गाइड करा ना" या मेसेजला उत्तर येत नाही, आणि त्यात मॅडमचा दोष नाही, त्यांच्याकडे आधीच दोन वर्ग असतात.

फील्डवर

ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ ला जाहीर झाला आणि २०२२ ला खाडी रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेली, तेव्हा तिथे नमुने घ्यायला वनविभागाची लेखी परवानगी लागते. कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज, गाइडची सही, नेमकं काय घेणार किती घेणार हे लिहून. वेळ लागतो, म्हणून सेम सुरू व्हायच्या आधीच अर्ज टाका. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून सुरुवात केलेली बरी, खाडी डोळ्यासमोर येते. भरती-ओहोटीचं टेबल बघितल्याशिवाय चिखलात उतरू नका, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार लवकर चढतं, एकटं तर अजिबात जायचं नाही, कोळीवाड्यातला माणूस सोबत हवाच.

आता मुलाखतींचं. प्रश्नावलीत "रोज किती किलो मासळी मिळते" असा प्रश्न असतो आणि मासळी विकणाऱ्या मावशी नुसत्या हसतात. त्या किलोत विकतच नाहीत, वाट्यात विकतात, टोपलीत मोजतात. मग करायचं काय, तर चार-पाच वेगवेगळ्या दिवशी वाटा विकत घ्यायचा, घरी काट्यावर वजन करायचं, मासळीप्रमाणे सरासरी काढायची आणि मग "आज किती वाटे लावले" असं विचारायचं. भाव पण दुपारी उतरतो, तेव्हा वेळ लिहून ठेवायची. "पूर्वी किती मिळायचं" याला सुद्धा साल सांगता येत नाही, पण "तुमचं लग्न झालं तेव्हा" किंवा "२००५ च्या पुराच्या आधी" असं विचारलं की बरोबर आठवतं. इथे प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र आणि मराठी तिन्ही एका टोपलीपाशी भेटतात, आणि मला वाटतं मुलं खरं शिकतात ते याच जागी. मुलाखतीआधी परवानगी विचारा, फोटो आणि नाव छापायची वेगळी परवानगी, आणि मावशींच्या धंद्याच्या वेळेत अर्धा तास खाऊ नका, होड्या लागायच्या आत किंवा दुपारी मार्केट मोडल्यावर जा.

ओजेटीसाठी महापालिकेचा प्रदूषण नियंत्रण विभाग, जिल्ह्याचं मत्स्यव्यवसाय कार्यालय, मच्छीमार सहकारी संस्था, पाण्याची तपासणी करणाऱ्या खाजगी लॅब इथे विचारा. टीटीसी एमआयडीसीत रबाळे-महापे पट्ट्यात लॅब मिळतात, ट्रान्स-हार्बरने जाता येतं. ऑफिसात नुसतं फायलिंग करायला लावतील असं वाटलं तर आधीच एक छोटं काम लिहून न्या, "तुमच्याकडचे तपासणीचे जुने आकडे मी एक्सेलमध्ये भरून देते" असं म्हटलं की नाही कुणी म्हणत नाही, आणि आकडे तुमच्याही कामाला येतात.

काय टाळायचं

दोन डिग्र्या एकदम करायला २०२२ पासून यूजीसीची परवानगी आहे, पण मी सहसा नको म्हणते, सहा सेम नीट बसवलेत तर दुसऱ्या डिग्रीची गरज पडत नाही आणि फील्डला वेळच उरत नाही. पाच विषय समान वाटून घेण्याचा मोह टाळा, मग कुठलाच पेपर तुम्ही तज्ज्ञासमोर धड मांडू शकत नाही. मायनर एकदा सुरू झालं की बदलणं जड जातं. आणि चौथं वर्ष रिसर्चसह ऑनर्स करायचं मनात असेल तर पहिल्या सहा सेमला ७५ टक्के लागतात, तेव्हा फील्डच्या नादात मेजरचे इंटर्नल सोडू नका, हे मी मुलांना दर सेमला सांगते.

कागद

एक फाइल करा. प्रत्येक पेपरचा सिलॅबस पीडीएफ त्या वर्षीचाच (सिलॅबस बदलतो आणि जुना साइटवरून गायब होतो), मान्यतेची पत्रं, स्वयमची सर्टिफिकेटं, ओजेटीचं पत्र, वनविभागाची परवानगी. मार्कशीटवर फक्त "प्राणिशास्त्र" असेल, म्हणून एक पानाचं स्वतःचं विवरण बनवा: वर प्रश्न एका वाक्यात, खाली कुठल्या पेपरने प्रश्नाचा कुठला भाग उघडला, किती क्रेडिट, आणि शेवटी काय मोजलं. दोन्ही गाइडच्या सह्या त्यावर घ्या. एमएच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीत हेच पान पुढे सरकवायचं.

फायनल रिपोर्ट सबमिट व्हायच्या निदान तीन आठवडे आधी त्यातले आकडे आणि नकाशे मराठीत चार पानांत उतरवून मच्छीमार संस्थेत घेऊन जा आणि वाचून दाखवा. कुठल्या मासळीचं नाव चुकलंय, कुठला महिना चुकलाय, कुठला भराव आधीचा आणि कुठला नंतरचा हे ते लगेच सांगतात. त्या दुरुस्त्या घातल्यावरच बाइंडिंगला द्यायचं, आणि एक प्रत संस्थेच्या कपाटात ठेवायची, दुसरी कॉलेजच्या लायब्ररीत.